साक्षीदार

अशोक चौकातून आत वळलं की तिसरी गल्ली.
आमच्या शेडमध्ये चार माग होते, आता एक चालतो,
आणि त्याच्या खडखडाटात बसून राजेशम मेरगू,
म्हणजे माझे नायना, दर सुट्टीत तेच विचारतात,
"तू तिकडं लोखंडाचं नेमकं काय बघतीस गं?"

मी ओरडून सांगते.
डावा कान त्यांचा कधीचाच गेलाय,
उजवा लागतो, तो धोटा थांबला तर.

अणुभट्टीचं एक पोलादी भांडं असतं, नायना,
वीतभर जाड.
फणीच्या घरात ताण्याचा एकेक धागा, तसे त्यात अणू,
ज्याची त्याची जागा ठरलेली.
मग न्यूट्रॉन येतो.
धोट्याला वाट असते, याला नाही.
एका अणूला उडवतो, तो दुसऱ्याला, दुसरा चौघांना,
पापणी लवायच्या आत कितीतरी कोटी वेळा घडून जाईल
एवढ्याशा वेळात
हजारो अणू घराबाहेर,
आणि लगेच बहुतेक आत.
आपल्याच घरात असं नाही,
ज्याला जे दार उघडं दिसलं तिथं.

"मग बिघडलं काय?"
जॉबरचा प्रश्न.

उरतात त्यांचं बिघडतं.
कुणी दोन ओळींच्या मधे अडकून बसतो,
कुणाचं घर तसंच रिकामं.
आणि रिकामी जागासुद्धा चालते, नायना,
सरकत सरकत दुसरी रिकामी जागा गाठते.
भट्टीच्या आतल्या स्टेनलेस भागांत तर
अशा जागा गोळा होऊन पोकळ्या होतात.
वजन गुंजभर वाढत नाही, अंग सुजतं.

(समोर येमूलांचं शेड होतं. शेजारी कोंड्यालांचं.
एक भिवंडीला गेले, एक सुरतेला.
मधली भिंत पाडून आता मंगल कार्यालय झालंय,
चारशे पानांचं.)

भांडं मात्र कडक होत जातं.
आधी वाटतं, बळ आलं.
पण पूर्वी वाकून मग तुटलं असतं,
ते आता वाकायचं विसरतं.

"वरून कळतं?"
नाही. वरून तसंच चकाकतं.
म्हणून त्याच पोलादाचे बोटभर तुकडे
पहिल्या दिवसापासून आत टांगलेले असतात,
भांड्यापेक्षा आगीच्या जरा जवळ,
म्हणजे भांड्याची पुढची वर्षं त्यांच्यावर आधी येतात.
काही वर्षांनी एक काढायचा.
जाड काचेमागून, लोखंडी हातांनी
मी त्याला गार करते, खाचेसमोर लोलकाचा हातोडा सोडते,
तुटताना त्यानं किती जोर खाल्ला ते लिहिते.
साक्षीदार म्हणतो आम्ही त्याला.

नायनांनी माग बंद केला.
एवढी शांतता की पट्टा थांबताना कुरकुरला तेही ऐकू आलं.
तंबाखूच्या जुन्या डब्यातून
त्यांनी एका दांड्याचा तुकडा काढला.
"आदल्या रात्री तेल दिलं होतं. सकाळी खटकन गेला."
तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला,
माझाही अंगठा धरून फिरवला.
"दाणेदार लागतंय न्हवं?
चिवट लोखंड तुटताना तंतू सोडतं.
दाणेदार तुटलं की समजायचं,
ते आधीच कधीतरी गेलं होतं, आपल्याला आज कळलं."

हे शिकायला मला दोन वर्षं
आणि एक सूक्ष्मदर्शक लागला होता.
मी सांगितलं नाही.

"बरं होतं का ते परत?"
तापवलं तर. भट्टी रिकामी करायची,
साडेचारशे अंशांवर आठवडाभर ठेवायची.
अणू हलायला लागतात, जागा शोधतात.
"सगळे?"
बहुतेक.

बाहेर मे महिना, पारा चव्वेचाळीसवर,
पत्र्याखाली त्याहून जास्त.
गळ्यातल्या पंचानं तोंड पुसत नायना हसले,
"म्हणूनच आपण अजून टिकलोय की इथं!"

आणि बटण दाबलं.
मी आणखी काहीतरी बोलत होते,
त्यांच्या डाव्या बाजूला बसून.